बोटभर खाली

"मी आधी पाहिली," ती म्हणाली.

"मी आधी ओढली," तो म्हणाला.

भंगारवाल्याच्या ढिगात एक व्यायामाची सायकल कमरेपर्यंत रुतून बसली होती. तिचं हँडल त्या मुलीच्या मुठीत होतं आणि सीट त्या तरुणाच्या बगलेत. दोघं एकमेकांना पहिल्यांदाच पाहत होते आणि समोरच्याने मुकाट्याने घरी जावं, एवढीच दोघांची इच्छा होती. बाहेर भुरभुर पाऊस चालला होता. पत्र्यातून एक थेंब नेमका तिच्या चष्म्यावर पडला. पुसायला हात सोडला असता तर सायकल गेली असती, म्हणून ती एकाच काचेतून बघत भांडत राहिली.

"ओढा, ओढा," भंगारवाला आतून म्हणाला. "मोडली की दोघांना अर्धी अर्धी देतो."

"तुम्हाला कशाला हवीय ही?" तरुणाने विचारलं. "बारीक व्हायचं म्हणाल, तर... तशी काही गरज दिसत नाही."

"गरज आहे की नाही, हे मी तुम्हाला विचारलं का?"

"माझं सरळ आहे बुवा. माझं सायकल-दुरुस्तीचं दुकान आहे. हिची दातेरी चकती चांगली आहे. ती काढणार, बाकीचं इथेच टाकणार."

"म्हणजे जीव घेणार तिचा."

"बरं! आणि तुम्ही काय करणार?"

"मी गहू दळणार."

त्याने सीट सोडली. उदारपणाने वगैरे नाही. हसताना हात सुटला, इतकंच. तिने तेवढ्यात सायकल ओढून घेतली, चष्मा पुसला आणि मग त्याला नीट पाहिलं. कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावर केसांची एक बट, आणि हसताना डोळे इतके बारीक की आत डोळे आहेत की नाहीत अशी शंका यावी.

"हसा," ती म्हणाली. "माझ्या बाबांना हसवता आलं असतं तर आणखी बरं झालं असतं."

हे ती बोलली आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला लागली. त्याचं हसू तिथेच थांबलं. "काय झालंय त्यांना?" त्याने विचारलं. अनोळखी माणसाला आपण घरचं सांगत नाही. पण कधीकधी अनोळखी माणसालाच सांगता येतं. भंगाराच्या ढिगाशेजारी उभं राहून तिने त्याला सगळं सांगितलं.

तिच्या बाबांची तीस वर्षं पिठाची गिरणी होती. दोन महिन्यांपूर्वी गिरणीच्याच पायरीवरून ते पडले आणि गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, वाटी जुळली, पण गुडघा काठीसारखा ताठ झाला. साठ अंशाच्या पुढे वाकेना. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, सव्वा महिन्यात नव्वद अंश वाकला पाहिजे, नाहीतर पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागेल. आणि तिला भीती होती ती भुलीचीच. पहिल्या वेळी भुलीतून बाबा उठेचनात. त्यांचं हृदय मधेच थबकलं होतं. ते चार तास तिने दवाखान्याच्या बाकावर कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत.

"मग सायकल चालवायला सांगितलीय का?"

"सांगितलीय. दवाखान्यातल्या सायकलवर बसवलं, तर म्हणाले, जिथे कुठे जायचं नाही तिथे मी पाय मारणार नाही. तीस वर्षं चाक फिरवलं, प्रत्येक फेऱ्याला पीठ पडलं. हे नुसतंच फिरायचं म्हणजे काय?" तिने नाक ओढलं. "म्हणून म्हटलं, पडू दे पीठ. घरी त्यांची छोटी गिरणी आहे, हाताने फिरवायची. गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला वापरायचे. ती या सायकलला जोडली तर?"

त्याने सायकल उभी केली. मग त्याने पायडल हाताने गरकन फिरवलं आणि कान जवळ नेऊन ऐकलं.

"नुसती जोडून नाही भागायचं. क्रँक, म्हणजे हा पायडलचा दांडा, आखूड करावी लागेल, नाहीतर एवढ्या ताठ पायाने फेरा पुरा व्हायचा नाही. सीट उंच लागेल." त्याने सायकल खांद्यावर घेतली. "चार दिवस द्या मला. आणि हो... चकती नाही काढत."

तो पावसात दिसेनासा झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की सायकल गेली, माणूस गेला, आणि दोघांचाही पत्ता आपण विचारलेला नाही. अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. तिची तर बाबांच्या गुडघ्यात अडकली होती.

ती चष्म्याच्या दुकानात काच घासायचं काम करायची. गोल काच चक्रावर धरून फ्रेमच्या मापाची करायची. बाप गहू दळतो, लेक काचा दळते, अशी तिची आत्या नेहमी चेष्टा करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अशीच एक काच धरून बसली होती, तेवढ्यात समोर ग्रीसचा वास आला.

"डोळे तपासायचेत," सायकलवाला म्हणाला.

"मी इथे काम करते, हे कुणी सांगितलं?"

"तुमच्या चष्म्याच्या काडीवर दुकानाचं नाव आहे. काल एका हाताच्या अंतरावर होतं."

तिने त्याला तक्त्यासमोर बसवलं. त्याने वरची ओळ वाचली, मधली वाचली, सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळ वाचली आणि शेवटी तक्ता छापणाऱ्या छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे. आलात कशाला मग?"

"घराचा पत्ता विचारायचा राहिला होता," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. तिने पत्ता लिहून दिला, पण तो कागद त्याच्या हातात देईपर्यंत तिची चक्रावरची काच भलत्याच आकाराची होऊन बसली होती.

चार दिवसांनी सायकल आली ती ओळखूच येईना. चाक काढलेलं, क्रँक आखूड, सीट उंटावर ठेवल्यासारखी उंच. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी तिची जागा झाली. लोखंडी गिरणी एका जड स्टुलावर बोल्टने घट्ट बसवली आणि मधून चेन फिरवली. बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पाय लांब करून बसले होते आणि हे सगळं आपल्याला दिसतच नाही, असं दाखवत होते.

"करा तुमचे खेळ," ते म्हणाले.

सायकलवाला स्वतः सीटवर बसला. तिने वरून मूठभर गहू टाकले. पायडल फिरलं, चेन सळसळली, गिरणी घरघरली... आणि खालच्या परातीत टपटप गहू पडले. अख्खेच्या अख्खे. एक दाणाही फुटलेला नव्हता.

दोघांनी परातीत डोकावलं. एकमेकांकडे पाहिलं. पुन्हा डोकावलं.

आणि बाहेरच्या खोलीतून एक आवाज आला. आधी तिला कळेचना कसला. मग कळलं. बाबा हसत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून, खोकला येईपर्यंत.

"दळण नाही रे ते, निवडण झालं!" बाबा ओरडले. "उलटी फिरतेय गिरणी! तिला पाठ दाखवलीत, तर ती पीठ कशाला देईल? थांबा. हात लावू नका. थांबा म्हणतो ना!"

आणि ते काठी टेकत स्वतः आत आले. स्टूल उचलून सायकलच्या दुसऱ्या बाजूला ठेवायला लावलं, गिरणीचं तोंड फिरवलं, गहू भरडणाऱ्या पाटांमधला पेच स्वतःच्या हाताने आवळला. मग त्यांना दुसऱ्या कुणाच्या पायाचा भरवसा वाटेना. दोघांच्या खांद्यांचा आधार घेऊन ते उंच सीटवर चढले. आधी नुसते अर्धे अर्धे झोके घेतले, मागे-पुढे. एकदा ओठ चावला. आणि मग आखूड क्रँक कशीबशी वरून खाली गेली, एक फेरा पुरा झाला, आणि परातीत चिमूटभर पीठ पडलं.

बाबांनी ते अंगठ्यावर घेऊन बोटाने चोळलं. "जाड आहे," ते म्हणाले. "पण पीठ आहे."

ती पटकन भांडी लावायला वळली. डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते.

जाताना दारात सायकलवाला घुटमळला.

"उलटी जोडलीत मुद्दाम ना?" तिने हळूच विचारलं. "बाबा उठावेत म्हणून?"

खोटं बोलायला ही फार सुंदर जागा होती. त्याने एक श्वास घेतला आणि ती वाया घालवली. "नाही हो. चुकलोच. जोडताना माझं लक्ष..."

"कुठे होतं?"

"...गिरणीवर नव्हतं."

तिने दाराची कडी उगाचच दोनदा वरखाली केली. तोही जाईना. शेवटी कामाचं काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "डॉक्टरबाई काय म्हणाल्यात? हळूहळू वाढवा, ना? मग सीट दर चौथ्या दिवशी बोटभर खाली घेऊ. सीट खाली गेली की गुडघा तेवढा जास्त वाकतो. फक्त त्यांना सांगायचं नाही. सांगितलं की गुडघा आधीच दुखायला लागतो."

"बोटभर म्हणजे कुणाचं बोट?"

त्याने स्वतःचं बोट पुढे केलं. तिने आपलं त्याच्या शेजारी धरलं. त्याचं एक म्हणजे तिची दीड.

"तुमचंच धरू," तो म्हणाला. "माझं महागात पडेल."

मग बाबांचा डोळा चुकवून दोघं पुन्हा स्वयंपाकघरात गेले. तिने सीटच्या नळीवर बोट आडवं ठेवलं आणि त्याने कानशीने त्याच्या वर एक बारीक खूण केली. खूण एकच, सीट आज जिथे आहे तिथली. पुढचं सगळं बोटाने मोजायचं. कानस तिच्या नखाला घासून गेली, तेव्हा तो इतक्या घाईने "लागलं का?" म्हणाला की तिला लागायला हवं होतं असं वाटून गेलं.

पुढचे दिवस कसे गेले ते घरातल्या पिठाला विचारावं. बाबा सकाळी अर्धा तास दळायचे, संध्याकाळी अर्धा तास दळायचे. आपले गहू संपले तेव्हा आत्याचे आणले, आत्याचे संपले तेव्हा शेजारणीने डबा आणून दिला. गिरणीवाला पुन्हा गिरणीवाला झाला. "बारीक हवं की रवाळ?" हा प्रश्न घरात पुन्हा ऐकू यायला लागला. फक्त अधूनमधून बाबा म्हणायचे, "या घराची जमीन वर येतेय की काय? पाय टेकायला लागलेत माझे." मग ती दुसरीकडे बघायची आणि खोकायची.

दर चौथ्या दिवशी संध्याकाळी सायकलवाला 'चेनला तेल द्यायला' यायचा. बाबा हात धुवायला गेले की ती बोट धरायची, तो पाना फिरवायचा, सीट बोटभर खाली यायची. त्याला दोन मिनिटं पुरत. तो तासभर थांबायचा. गरम पिठाचा वास भरलेला असायचा, ओट्यावर पिठाची पांढरी साय चढलेली असायची, आणि ती पीठ चाळताना तिच्या चष्म्यावर, भुवईवर, केसांवर बसायचं.

"म्हातारपणी कशा दिसाल ते कळलं," एकदा तो म्हणाला.

"कशी?"

"बघत राहावं अशी."

"तेल द्या तेल. चेन वाळली असेल."

आत्या येता-जाता डोळे मिचकवायची. "मेली ती चेन किती तेल पिते गं! एवढ्या तेलावर आख्खी बस चालली असती." बाबा मात्र काही बोलत नसत. त्यांचं पीठ भलं आणि ते भले.

तिला कळत होतं. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं होतं. चौथा दिवस उजाडला की दुकानात काचा बिनचूक निघायच्या आणि पाचव्या दिवशी दोनतरी फुटायच्या. पण तोंडाने बोलायचं म्हटलं की जीभ जड व्हायची. आधी बाबांचा गुडघा, आधी डॉक्टरबाईंची तारीख, मग बाकी सगळं... असं ती स्वतःला सांगायची.

सहाव्या वेळी सीट खाली घेऊन झाल्यावर, तो पाना पुसत म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तुमची तारीख. गुडघा वाकला की मग... मी यायचं बंद करायचं का?"

हाच तो क्षण होता. पण बाईसाहेबांची जीभ ऐन वेळी टाळ्याला चिकटली, आणि बाहेर काय पडलं? "बघू... चेनला तेल लागेल तसं."

"हो," तो म्हणाला. "बरोबर आहे. चेनचंच." आणि त्या दिवशी तो तासभर न थांबता गेला.

सातव्या वेळी तो आलाच नाही. तिने दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली. पीठ दोनदा चाळलं. तारीख तीन दिवसांवर होती आणि गुडघा अजून नव्वदला आला नसावा, हे तिला बाबांच्या बसण्यावरून दिसत होतं. सकाळी उठल्यावर दुःखाचा राग झाला होता. नाही आला तर नाही आला, माझं काय अडलंय? तिने पाना शोधला, बोट आडवं धरलं, सीट बोटभर खाली घेतली आणि कामाला निघून गेली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा नुकतेच सीटवर चढत होते. त्यांनी पायडल मारलं. क्रँक वर आली, गुडघा छातीकडे गेला, आणि 'कट' असा आवाज तिला दारातून ऐकू आला. बाबा ओरडले. तिने आणि आत्याने त्यांना धरून खाली उतरवलं तेव्हा त्यांचा चेहरा त्या पिठासारखाच झाला होता. तासाभरात गुडघा सुजून भोपळा झाला.

दवाखान्यात फोन केला. बर्फ लावा, पाय हलवू नका, परवा आणताय तेव्हा बघू, असं उत्तर आलं. बर्फाची पिशवी धरून बसलेली आत्या म्हणाली, "कसलं मेलं तुमचं तेल. दुपारी तो येऊन पाना फिरवून गेला तेव्हाच मला..."

पुढचं तिने ऐकलं नाही. चप्पल उलटसुलट घालून ती रस्त्याला लागली.

सायकलवाला दुकानात पंक्चर काढत बसला होता. तिला पाहून तो आनंदाने उभा राहिला, आणि तिचा चेहरा पाहून तसाच थबकला.

"तू हात का लावलास?" ती ओरडली. "न विचारता, मी घरी नसताना हात का लावलास तू?"

"काय झालं?"

"काय झालं? बाबांचा गुडघा... काहीतरी तुटलंय आत. मी आवाज ऐकलाय!"

त्याच्या हातातली ट्यूब गळून पडली. "काल मी आलो नाही. चुकलं माझं, रुसून बसलो होतो. आज दुपारी लाज वाटली म्हणून आलो. पण बोटभरच घेतली हो. तुमचं बोट आठवून घेतली."

"बोटभर मीपण घेतली होती. सकाळी."

ती तशीच वळली आणि घराकडे धावली. तो तिच्यामागे धावत घरी आला आणि सीटच्या नळीवरच्या त्या खुणेपासून बोटं मोजायला लागला. सहा वेळची सहा. तिचं एक, सात. त्याचं एक, आठ. तरी सीटपर्यंत जागा उरली होती. नळीवर नऊ बोटं भरत होती.

"आठ हवीत," ती म्हणाली. तिचा आवाज थंड झाला होता. "तुम्ही दोन घेतलीत."

"मी... एकच..."

"तुमचं बोट म्हणजे माझी दीड. मोजलं होतं ना आपण?"

त्याने तोंड उघडलं. पलंगावर कण्हणाऱ्या बाबांकडे पाहिलं, आणि मिटलं. "असेल," तो म्हणाला. "माझंच चुकलं असेल."

"आता येऊ नका," ती म्हणाली.

मधला एक दिवस तिने कामावर दांडी मारली. बाबांच्या पलंगाशेजारी बसून ती त्यांच्या छातीचं वरखाली होणं बघत होती. पुन्हा भूल. पुन्हा तो बाक. या वेळी ते उठलेच नाहीत तर? बाबांनी मात्र तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. काहीतरी बोलायला जायचे आणि "पाणी दे" म्हणायचे. सात-आठ तांबे पाणी झालं.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. हाडांच्या दवाखान्याला ही जागा ज्याने शोधली त्याला आत्याने प्रत्येक पायरीवर एकेक विशेषण दिलं. बाबांना खुर्चीत बसवून दोन माणसांनी वर नेलं.

डॉक्टरबाईंनी सूज दाबून पाहिली. फोटो काढायला लावला, तो उजेडात धरला आणि बराच वेळ धरला. मग बाबांना पलंगावर बसवून पाय हळूहळू वाकवायला सुरुवात केली आणि गुडघ्यावर कोनमापक धरला. ती भिंतीला टेकून उभी होती. डोळे मिटलेले.

"सत्त्याण्णव," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तिने डोळे उघडले.

"सत्त्याण्णव अंश. वाटी जागच्या जागी आहे, हाड छान भरलंय. आत जे चिकटून बसलं होतं ते सुटलेलं दिसतंय. भूल देऊन मी जे करणार होते, ते तुम्ही घरीच करून आलात." त्यांनी चष्म्यावरून तिघांकडे रागाने पाहिलं. "कुणाची अक्कल ही? वाटी पुन्हा फुटली असती म्हणजे? नशीब समजा, आणि पुन्हा असा आगाऊपणा करू नका. आठवडाभर बर्फ. जिना चढउतार हळूहळू चालेल."

"आणि भूल?" तिने विचारलं.

"कशाला? घरी जा."

घरी जा! एवढे दोनच शब्द. बाहेर बाकावर येऊन ती बसली आणि रडायला लागली. महिनाभराचं साठलेलं सगळं बाहेर पडू दिलं. भीती जाताना माणसाला किती हलकं करून जाते, हे तिला त्या दिवशी कळलं. बाबा शेजारी येऊन बसले. आत्या औषधांच्या खिडकीकडे गेली होती.

"पोरी," बाबा म्हणाले. "एक सांगायचंय. रागावू नकोस. नववं बोट माझं."

ती रडता रडता थांबली. "काय?"

"अगं, तीस वर्षं पाटांमधलं केसाएवढं अंतर मी बोटाने ओळखलं. सीट बोटभर खाली गेलेली मला कळणार नाही? पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण सीट खाली जायची त्या संध्याकाळी तुम्ही दोघं स्वयंपाकघरात हसायचात. म्हटलं जाऊ दे, गुडघा दुखला तर दुखला." त्यांनी घसा साफ केला. "त्या दिवशी तो आला नाही. तुझं तोंड एवढंसं झालं. म्हटलं निदान सीटचं काम तरी अडायला नको. रात्री तू आत्याकडे गेलीस तेव्हा मीच घेतली खाली. मला काय माहीत, सकाळी तू घेशील आणि दुपारी तो घेईल! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं झालं सगळं."

"बाबा! परवाच का नाही सांगितलंत? मी त्याला काय काय बोलले..."

"भ्यालो. गुडघा गेला असता तर कोणत्या तोंडाने सांगणार होतो? आणि तो वेडा म्हणे, माझंच चुकलं असेल. ऐकलं मी. दुसऱ्याचं बोट स्वतःवर घेतलं त्याने." बाबांनी काठी उचलली आणि जिन्याकडे रोखली. "तिथे उभा आहे बघ. मला खुर्चीत वर आणलं तेव्हापासून."

जिन्याच्या वळणावर सायकलवाला उभा होता. आज त्याने हात कोपरापर्यंत घासून धुतले होते, तरी नखांत ग्रीस होतंच. ती उठली. त्याने आधी विचारलं ते एवढंच, "वाकला?"

"सत्त्याण्णव."

तो मटकन पायरीवरच बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून त्याने इतका लांब श्वास सोडला, की तिला पुन्हा रडू यायला लागलं. आपल्याइतकंच घाबरलेलं दुसरं कुणीतरी या गावात होतं, आणि आपण त्याला येऊ नका म्हणालो होतो.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं ऐकलं होतं," बाबा त्यांच्या शेजारून कठडा धरत म्हणाले. "इथे तर गुडघाही माझाच वापरला. चला, मी उतरतो सावकाश. डॉक्टरबाईंनी सांगितलंय."

ते एक पायरी उतरले. ऑपरेशनचा गुडघा वाकला, दुसरा पाय त्याच्या शेजारी आला. मग दुसरी पायरी. ती बघत राहिली. मग त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"तुम्ही एकच घेतलं होतंत," ती म्हणाली. "नववं बाबांचं होतं. मला माफ करा."

"माफ कसलं? त्या दिवशी तुम्ही मला तू म्हणालात. रागाने का होईना. दोन दिवस मी त्याच्यावर काढलेत."

तिला हसू आलं आणि नाकही ओढावं लागलं, दोन्ही एकदम.

"आता गुडघा वाकला," तो खाली बघत म्हणाला. "सीट खाली घ्यायचं काम नाही. तेलाचं म्हणाल तर... त्या चेनला वर्षभर लागायचं नाही, खरं सांगतो. मला यायला कारणच उरलं नाही."

या वेळी जीभ चिकटायला टपलेलीच होती. पण दोन दिवस जे हरवलं होतं ते काय होतं, हे तिला आता पक्कं माहीत होतं, आणि ते पुन्हा हरवायची तिची तयारी नव्हती.

"मी आहे ना," ती म्हणाली. "मी कारण नाही का? मला तू आवडतोस. भंगारात सायकल सोडलीस ना... तेव्हापासून." ती थांबली. "आता 'तू' रागाने नाही म्हणत."

त्याने तिच्याकडे मान वळवली. मग हात पुढे केला, तळवा वर करून, आणि तिने त्यात आपला ठेवला.

"मला..." तो म्हणाला, "मला तर त्या थेंबापासून. चष्म्यावर पडला, तरी तुम्ही... तू हँडल सोडलं नाहीस."

खालच्या वळणावरून काठीचा आवाज आला.

"झालं का रे तुमचं?" बाबा ओरडले. दम लागला होता, पण आवाज गिरणीच्या घरघरीवरून गिऱ्हाइकाला हाक मारायचे तसा खणखणीत होता. "एक मजला उतरलो मी! दुसरापण एकट्यानेच उतरू का?"

तिने डोळे पुसले आणि कठड्यावरून वाकून खाली पाहिलं.

"थांबा बाबा," तिने हाक दिली. "आलो आम्ही."